देवाला किती हिट पॉइंट द्यायचे?

प्रश्न निपाणीच्या एका डीएमचा आहे, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळात गोष्ट आणि शत्रू चालवणाऱ्याचा. हिट पॉइंट म्हणजे जीव मोजायचा आकडा, शून्यावर आला की खेळ खलास. पाच जणांची टोळी, पाचव्या आवृत्तीचे नियम, अडीच वर्षं चाललेलं एकच कॅम्पेन, सगळी पात्रं सोळाव्या लेव्हलला. पहिल्याच सेशनला साथीच्या देवानं टोळीतल्या रेंजरचं (रानात वावरणाऱ्या पात्राचं) अख्खं गाव गिळलं होतं. आता खेळाडू हटून बसलेत की शेवट एकच, त्या देवाला मारायचं. डीएम विचारतात, "१,००० हिट पॉइंट पुरतील का? की पुस्तकातला तारास्क हा अजस्र राक्षस उचलून त्याचं नाव बदलू?"

आकडा सांगतो, पण शेवटी सांगतो. कारण तुम्ही विचारलाय आकडा आणि भीती आहे वेगळीच. अडीच वर्षांचा शेवट फुसका निघेल याची ती भीती आहे, आणि ती रास्त आहे. देवाशी लढाई दोन तऱ्हांनी फुसकी निघते. देव पटकन मरतो, नाहीतर मरतच नाही. मी दोन्ही करून बसलोय.

बेळगावात टिळकवाडीला, दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या एका गच्चीवरच्या खोलीत, दर शनिवारी आमचं टेबल बसतं. माझा पहिला देव तिथंच मेला. सतराव्या लेव्हलचे पाच खेळाडू, देवाला ६०० हिट पॉइंट, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) २०. मला वाटलं रात्र पुरायची नाही. पहिल्या फेरीत विझार्डनं बॅनिशमेंट हा हद्दपारीचा स्पेल टाकला. देव परलोकातला, म्हणजे सेव्ह (बचावाचा फासा) चुकला की सरळ आपल्या घरी परत! तो टाळायला एक लेजंडरी रेझिस्टन्स (चुकलेला सेव्ह जमला म्हणायची मोजकी मुभा) गेला. मंकनं लागोपाठ वार करून प्रत्येक वाराला स्टन (शत्रूला सुन्न करायचा डाव) लावला, उरलेले दोन त्यात गेले. दुसऱ्या फेरीत देव स्टन झाला आणि मग सगळ्यांना ॲडव्हान्टेज, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. फायटरनं ॲक्शन सर्ज (एका पाळीत दुप्पट वार) घेऊन सहा वार केले, चार लागले, शंभराच्या आसपास गेले. पॅलाडिनचा वीस पडला. चौथ्या पातळीचा स्माइट (वाराला दैवी जोड), वीस म्हणजे क्रिटिकल, त्यामुळे फासे दुप्पट, एका वारात सत्तर. तिसऱ्या फेरीच्या मध्यात देव आडवा. खेळातली एक फेरी सहा सेकंदांची असते, म्हणजे युगानुयुगं पूजलेला देव अठरा सेकंदही टिकला नाही. टेबलावर शांतता. मग पॅलाडिन म्हणाला, "संपलं काय? एवढंच की?"

ते "एवढंच की" मला फार लागलं. म्हणून पुढच्या कॅम्पेनला मी उलटं टोक गाठलं. या देवाला स्पेल लागत नाहीत, साधी हत्यारं लागत नाहीत, भूल नाही, भीती नाही, स्टन नाही. चार तास लढाई चालली. दीड तासानं विझार्डचा खेळाडू मोबाइल बघायला लागला आणि त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "माझी पाळी सोडा, चहा सांगून येतो." अडीच वर्षं ज्यानं स्पेल गोळा केले, त्याला शेवटच्या रात्री तुम्ही सांगता की यातलं काही चालणार नाही. तो चहाच सांगणार.

ही अडचण तुमची-माझी नाही, खेळाच्या जन्मापासूनची आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं १९७४ साली. दोनच वर्षांनी, १९७६ ला, देवादिकांचे आकडे देणारं पुस्तक निघालं. त्याच्या प्रस्तावनेतच अशी आशा होती की देवांचे आकडे पाहून तरी खिरापत वाटणाऱ्या डीएमना आपल्या चाळिसाव्या लेव्हलच्या पात्रांचं हसू येईल. झालं उलटंच. खेळाडूंनी ते पुस्तक शिकारीची यादी म्हणून वाचलं. आकडा लिहिला की तो शून्यावर आणता येतो, हे कुठल्याही खेळाडूला सांगावं लागत नाही. १९८० च्या पुस्तकात झ्यूसला ४०० हिट पॉइंट होते, तर त्याच काळातली कोळ्यांची राणी लोल्थ अवघ्या ६६ हिट पॉइंटांची होती. २००२ ला देवांना शून्य ते वीस अशा श्रेणी दिल्या, आणि सोळा आणि त्यावरच्या श्रेणीच्या देवाला फासा टाकायचीच गरज नाही, त्याचा प्रत्येक फासा सर्वांत मोठाच धरायचा, असा नियम आला. २०१४ च्या टायमॅट या ड्रॅगनदेवीला ६१५ हिट पॉइंट आणि सहाव्या पातळीपर्यंतचे स्पेल तिला लागतच नाहीत. उलट १९८१ च्या कॉल ऑफ थुलू या दुसऱ्या खेळात थुलू हा झोपलेला देव समोर आला की दर फेरीला एक ते तीन माणसं खातो, विषय संपला. तिथं देवाशी लढतच नाहीत, फार तर त्याची झोप मोडू देत नाहीत.

तेव्हा पहिली गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचा देव देव आहे की जाडजूड राक्षस आहे, हे अडीच वर्षांत तुम्ही कसं दाखवलंय त्यावर सगळं ठरतं. लोक त्याला नवस बोलतात का? क्लेरिकला त्याच्यासारख्याच कुणाकडून स्पेल मिळतात का? तो कधी समोर आला होता, की नुसता ताप आणि फोड म्हणूनच भेटला? नुसताच मोठा प्राणी म्हणून तो दोनदा भेटून गेला असेल, तर तारास्क घ्या, नाव बदला, मजेत खेळा. त्यात कमीपणा काही नाही. पण गाव गिळणारा, दिसत नसलेला, ज्याच्या नावानं लोक दारावर निंब बांधतात असा देव असेल, तर त्याला हिट पॉइंटनं मारायला गेलात की तो त्या क्षणी देव राहत नाही. खेळाडूंना मारायचा असतो देव, आणि टेबलावर मरतो एक मोठा बैल.

इथं मला आपल्या गोष्टी उपयोगी पडल्या. आपल्याकडं कुणी थोर माणूस नुसत्या ताकदीनं मरत नाही, तो वराच्या फटीतून मरतो. हिरण्यकशिपू ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, म्हणून संध्याकाळ आणि उंबरठा. रक्तबीजाचा थेंब पडला की नवा रक्तबीज, म्हणजे जितकं जोरात माराल तितके शत्रू वाढणार. आता हा नियम फायटरच्या सहा वारांसमोर ठेवून बघा! अर्जुन किरातरूपातल्या शंकराशी लढला तो हरला, आणि हरून पाशुपतास्त्र घेऊन आला. आमच्या जिल्ह्यात मंगसुळीचा खंडोबा आहे. मणी-मल्लांची गोष्ट ऐकलेली असेल तर आठवा, मल्लाला मारलं एवढ्यावर ती संपत नाही. हरलेला मल्ल मागतो की माझं नाव तुझ्या नावाआधी लागू दे, म्हणून देव मल्हारी झाला. मी यातून दोन नियम उचलले. देवाला हिट पॉइंटच्या आधी एक अट द्यायची. आणि हरणाऱ्याला मागू द्यायचं.

आमच्या गेल्या कॅम्पेनमधला देव हद्दीचा होता. वर वरवाडी, खाली केळगिनहळ्ळी, मध्ये एक दगड. त्याचं नाव ठरवतानाच टेबलावर भांडण लागलं. मी मेरोबा म्हटलं, कारण मेर म्हणजे शेताची हद्द. आमच्यातला चिक्कोडीचा वकील म्हणाला, "मेरोबा कसला, मेरप्पा म्हणा." पाच मिनिटं वाद चालला आणि मला कॅम्पेन सापडलं. वरच्या गावचा मेरोबा, त्याला पुरणपोळी. खालच्या गावचा मेरप्पा, त्याला तुपात तळलेला कडबू. दोन्ही गावांना वाटतं की आपला देव वेगळा आणि शेजाऱ्यांचा तो भूत.

खेळाडूंनी त्याला वरवाडीच्या बाजूनं मारला. रीतसर, हिट पॉइंट शून्य करून. सकाळी तो दगडाशी उभा. पुन्हा मारला, पुन्हा उभा. तिसऱ्यांदा मारल्यावर रोगच्या (rogue, म्हणजे चोरट्या पात्राच्या) खेळाडूनं विचारलं की जखमा भरताना काही दिसतं का. मी म्हटलं, खालच्या गावात दिवे लागलेले दिसतात आणि तुपात तळल्याचा वास येतो. टेबलावर कुणीतरी टाळी मारली. एका नावानं मारला की दुसऱ्या नावाचा त्याला जिवंत करतो. पुढचे चार शनिवार त्यांनी लढाई केलीच नाही, दोन्ही गावांत फिरून माहिती काढली. मिठाची गोणी घेऊन दोन्हीकडं जाणारी एक म्हातारी होती, ती देवाला कधीच नावानं हाक मारायची नाही, नुसतं "तो" म्हणायची. तिच्याकडून अट कळली. हद्दीवर उभं राहून, दोन्ही गावचं रक्त असलेल्या माणसानं, एका श्वासात दोन्ही नावं घ्यायची.

असा माणूस कुठून आणायचा? आमच्या रेंजरच्या खेळाडूनं पहिल्याच सेशनला बॅकस्टोरीत लिहिलं होतं, आई खालची, बाप वरचा. ती ते विसरून गेली होती. मी विसरलो नव्हतो. खेळाडूंनी स्वतःच लिहिलेल्या कागदात देवाचं मरण दडवा, एवढा एक सल्ला घेतलात तरी बाकीचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल.

लढाईच्या रात्री मी टेबलावर मधोमध सुतळी टाकली. ती हद्द. देवाच्या लेजंडरी ॲक्शन (दुसऱ्यांच्या पाळीनंतर मिळणाऱ्या जादा चाली) मी जास्तीच्या वारांवर खर्च केल्या नाहीत. दुसऱ्याची पाळी संपली की सुतळी चार बोटं सरकवायची, एवढंच. आणि नियम एक: सुतळीच्या वर असाल तर टेबलावर मराठीतच बोलायचं, खाली असाल तर कन्नडमध्येच. आमच्याकडं दोन्ही भाषा येणारे तिघं, पण एक खेळाडू पुण्याचा, नोकरीसाठी आलेला, त्याला कन्नडमधलं "ऊट आयता" सोडून काही येत नाही. देवानं नेमका त्यालाच खाली ढकलला. जेवण झालं का, एवढंच विचारता येणारा क्लेरिक हातवारे करून हीलिंग कुणावर टाकतोय ते सांगतोय, आणि वरून चौघं ओरडताहेत, "काय करूलास रे, माझ्यावर टाक!" ६०० हिट पॉइंटांनी जे झालं नव्हतं ते एका सुतळीनं केलं.

रेंजर हद्दीवर पोचली तेव्हा तिला नावं घ्यायला एक सेव्ह लागणार होता, पंधरा हवे होते. फासा पडला चार. पॅलाडिनचा ऑरा (जवळच्यांच्या सेव्हला मिळणारी भर) धरूनही नऊ. त्या फेरीत देवानं तिला अकरा हिट पॉइंटवर आणली. पुढच्या फेरीला तिनं हात थरथरत फासा टाकला, सतरा. तिनं खरंच एका श्वासात दोन्ही नावं घेतली, मोठ्यानं, खुर्चीतून उठून. मी उरलेले हिट पॉइंट मोजलेच नाहीत. पडताना मेरप्पानं एकच मागितलं: दगड उपटू नका, त्यावर म्हशी अंग घासतात. दगड ठेवायचा की काढायचा यावर आमचे खेळाडू लढाईपेक्षा जास्त वेळ भांडले.

आता तुमचा साथीचा देव. वाचल्या वाचल्या मला मरीआई आठवली, तुम्हालाही आठवली असेल. पटकी-प्लेगच्या काळात आपल्या भागात मरीआईला कुणी मारायला जात नव्हतं. तिचा गाडा सजवायचे, नैवेद्य ठेवायचे, आणि वाजतगाजत ओढत वेशीबाहेर नेऊन सोडायचे. म्हणजे कुठं? पुढच्या गावच्या हद्दीवर. मग त्या गावानं तो पुढं ओढायचा. हे तुमच्या खेळाडूंसमोर ठेवून बघा. देवाला हद्दपार करता येतं हे त्यांना कळतं, गाडा तयार आहे, फक्त पुढच्या गावात रेंजरची बहीण नांदते. यापुढं तारास्क काय करणार?

मारायचंच असेल तर अट साथीच्या स्वभावातून काढा. साथ पसरते कशावर? गर्दीवर, पळणाऱ्या लोकांवर, लपवलेल्या आजारावर. मी असतो तर म्हणालो असतो, जोवर एक जरी माणूस आपला आजार लपवून बसलाय, तोवर देवाचे हिट पॉइंट दर फेरीला पूर्ण भरतील. आणि टोळीतल्या एका पात्राला आधीच, एकट्याला बाजूला घेऊन, सांगितलं असतं की तुला काखेत गाठ आली आहे. सांगायचं की नाही, तू ठरव. अट कळण्याच्या वाटा मात्र निदान तीन ठेवा. तुम्हाला उघड वाटणारा धागा खेळाडूंना दिसत नाही, आणि तुम्ही सहज बोललेला एखादा वास त्यांना सगळं सांगून जातो.

देवाला सगळ्यापासून अभय देऊ नका. प्रत्येक खेळाडूची जी खासियत आहे ती एकदा तरी दणक्यात लागू द्या. मंकचा स्टन लागला तर देव थांबू दे, पण तेवढ्यात साथ थांबत नाही, आजूबाजूची माणसं पडत राहतात. हे मी इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम) २० ला ठेवतो, देवाच्या पाळीपासून वेगळं, म्हणजे देव स्टन असला तरी खोली लढत राहते. एकट्या शत्रूची खरी दुबळी जागा हीच असते: पाच जणांच्या पाच पाळ्या, त्याची एक. हिट पॉइंट वाढवून ती बुजत नाही. तुम्ही २०२४ ची नवी पुस्तकं वापरत असाल तर स्टन लावायचा प्रयत्न एका पाळीत एकदाच करता येतो आणि स्माइटही बराच आवरलाय, तेव्हा माझ्या पहिल्या देवाइतकी दुर्दशा तुमच्या देवाची होणार नाही.

एक घरगुती गोष्ट, तुम्ही विचारली नाही तरी. खरे देव टेबलावर आणू नका. १९८० च्या त्या पुस्तकात इंद्र, अग्नी, यम यांचेही आकडे आहेत, आर्मर क्लाससकट. परदेशात ते चालून गेलं असेल. आमच्या गच्चीवर एकदा ऐन लढाईत घरमालकांच्या आई कुंद्याची ताटली घेऊन आल्या, नेमक्या "देवाला आता सोडायचं नाही, मार त्याला" या वाक्यावर. त्या दारातच थांबल्या. "कुठला देव रे? आमच्यातला नव्हे ना?" मी म्हटलं, "नव्हे ओ काकू, खोटा हाय." "मग मारा," म्हणून ताटली ठेवून गेल्या. समोर मेरप्पाऐवजी यल्लम्मा किंवा खंडोबा असता, तर कुंदाही गेला असता आणि खोलीही. तुमच्या साथीच्या देवाचं रूप म्हणूनच मरीआईपासून लांब ठेवा, गाड्याची कल्पना तेवढी घ्या.

देव मेल्यावर दुसऱ्या दिवसासाठी निदान एक सेशन राखून ठेवा. आमच्याकडं मेरप्पा गेला आणि सकाळी कुणालाच आपला बांध कुठला ते आठवेना, खेळाडूंना शेतं मोजत फिरावं लागलं. तुमच्याकडं साथ संपली की वैद्याचं, कबर खणणाऱ्याचं, निंब विकणाऱ्याचं काय होतं, ते बघा.

आणि आकडा. ५५०. तीन भागांत तोडा: २००, २००, १५०. शेवटचा भाग लहान, कारण तोवर खेळाडूही रिकामे झालेले असतात आणि अकरा वाजून गेलेले असतात. आर्मर क्लास २२. सोळाव्या लेव्हलची धडधाकट टोळी फेरीला दीडशे ते पावणेदोनशे काढते, म्हणजे प्रत्येक भाग साधारण एक-सव्वा फेरीचा. भाग संपला की देव बदलतो, जागा बदलते, आणि अट पुरी झाली नसेल तर आकडा पुन्हा २०० वर. १,००० देऊ नका, मोजता मोजता तुमचीच पेन्सिल झिजेल.